उबेचे पाच हात

१

देऊळगाव राजात माझी चौकशी केलीत तर लोक दोन गोष्टी सांगतील. एक, माणूस मशीनला पक्का आहे. दोन, त्याच्या बोलण्यातलं निम्मं दुकानाच्या पायरीवरच झटकून यावं. दोन्ही खरं. लोणारच्या तळ्यात भोंगा उलटा बुडवून मी पाण्याखालचं बोलणं ऐकलं, ही थाप माझीच. आता लोक ती मलाच ऐकवतात आणि वर विचारतात, तुम्हाला माहीत होतं का? मी म्हणतो, नाही बुवा.

तेव्हा या गोष्टीतलंही निम्मं झटका. कोणतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. फरक इतकाच की थाप मारताना मला मजा येते.

साल एकोणसत्तर, उन्हाळा. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं भोंग्याचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. लग्नाला भोंगे द्यायचे हा धंदा, आणि घरोघरी जाऊन लोकांचे आवाज टेपच्या चाकावर, म्हणजे स्पूलवर, भरून द्यायचे हा शौक. सेलवर चालणारी टेपची एक लहान मशीन खांद्याला लावून मी गावोगाव हिंडायचो. दुकानात दोन मोठ्या मशीन होत्या, आत काचेचे व्हॉल्व असलेल्या. चालू केल्यावर तापायलाच पाच मिनिटं लागायची.

आता घरात भरलेला आवाज कसा येतो, ते ज्यानं भरला त्यालाच ठाऊक. माइक स्वस्तातला, वर पत्रे, भिंती उघड्या. माणूस गातो गोड आणि स्पूलमधून निघतो ताटलीवर नखं ओढल्यासारखा. त्यावर माझी एक युक्ती होती. तो आवाज एका मोठ्या मशीनवर लावायचा आणि दुसरीवर उतरवून घ्यायचा, आणि उतरवताना जरा चढा ठेवायचा. मशीनच्या तोंडावर एक हिरवा डोळा असतो. आवाज चढला की त्याच्या दोन पाकळ्या जवळ येतात. पुस्तक सांगतं, पाकळ्या चिकटू देऊ नका. मी जराशा चिकटू द्यायचो. मग टेप त्या आवाजाचे टोकदार कोपरे खाऊन टाकते. आवाज जाड होतो, मऊ होतो, अंगाला लागतो. रंगारी भिंतीला रंगाचा हात देतो, तसा हा उबेचा हात. भजनी मंडळवाले येऊन म्हणायचे, "बुवांना एक हात मारून द्या."

पण याची एक किंमत असते. प्रत्येक हाताला टेपची खरखर वाढते. एक हात चांगला, दोन चालतील, तिसऱ्या हाताला बुवा पत्र्यावरच्या पावसात उभे राहून गायल्यासारखे वाटतात. हा नियम आहे. मी हजारदा करून पाहिलंय, याला अपवाद नाही. एवढं लक्षात ठेवा.

२

पंचफुला आमच्या गल्लीतली सून, माहेर बीबी गावचं. जीभ तिखट. एका सकाळी ती दुकानात आली ती बसलीच नाही.

"भोंगेवाले, मायच्या गळ्यात गाठ हाय. औरंगाबादले कापणार हायत. डाक्टर म्हणे जीव राहील, आवाज राहणार नाई."

मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "मले मायचं इतकं नाई वाटत. ती खमकी हाय. बाबा तिच्या आवाजावर चालते."

तिचे वडील कडूबा. काचबिंदूनं बारा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. बीबीबाहेर मळ्यात दोघंच राहायचे. वांगी, मिरची, थोडा कांदा. कडूबाजी काठी वापरायचे नाहीत. मंजुळाबाई जिथं असतील तिथून बोलायच्या, आणि ते त्या आवाजाच्या धाग्यानं घरातून गोठ्यात, गोठ्यातून वाफ्यात जायचे. पायरी आली की पायरी हाय, दगड आला की दगड हाय. पंचफुलेनं एक कागद आणला होता. त्यावर मायनं दिवसभरात काय काय बोलायचं असतं ते सगळं तिनं आठवून लिहिलं होतं. सेलवरची मशीन मळ्यात ठेवायची, मंजुळाबाईंनी हवं तेव्हा हवं ते वाक्य लावायचं, असा तिचा बेत. बेत येडपट होता. पण करून बघावा असाही होता.

दुसऱ्याच दिवशी मी मळ्यात गेलो. मंजुळाबाई ओट्यावर पदर सावरून बसल्या आणि माइककडं बघून म्हणाल्या, "याच्याशी काय बोलू? याचं तोंड कोन्या अंगाले हाय?"

"तुम्ही कडूबाजींशी बोला. त्याला फक्त ऐकू द्या."

कडूबाजी समोर बाजेवर बसले आणि मंजुळाबाई बोलल्या. आवाज घोगरा, गाठीमुळं मधेच अडणारा, पण भरीव.

"अवो, पायरी हाय. अवो, उजव्या अंगानं या. अवो, जेवाले बसा. अवो, थांबा तिथंच, पुढं विहीर हाय."

विहीर घरापासून शंभरएक पावलांवर, वांग्याच्या वाफ्यांच्या पलीकडं. जुनी, रुंद, मोटेची. कठडा नाही. हे शेवटचं वाक्य पंचफुलेनं कागदावर दोनदा लिहिलं होतं.

सगळं संपल्यावर मला खोडी सुचली. "वहिनी, टेप उरलीय. एकदा नाव घेऊन हाक मारा की."

"आग लागो तुमच्या डब्याले! तीस वर्सांत नाई घेतलं, आता घेऊ?"

कडूबाजी खो खो हसले. "लग्नात उखाण्यात घेतलं होतं भाऊ. तेबी इतकं हळू, का बाजूच्या बायाले ऐकू आलं, मले नाई आलं. तवापासून वाट पाहून राह्यलो मी."

"पाहा मग," मंजुळाबाई म्हणाल्या. हेही टेपवर आलं.

३

महिनाभरानं मंजुळाबाई परत आल्या. पंचफुलेनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "बाबाले गळ्याचं काई सांगू नका. त्यायले वाटते नुसता आवाज गेला."

गळ्याला समोर एक भोक ठेवलं होतं. श्वास तिथूनच. मंजुळाबाई त्यावर पातळ फडकं बांधायच्या आणि वरून पदर. जवळ बसलं की बारीक शीळ ऐकू यायची. कडूबाजींनी विचारलं तेव्हा पंचफुलेनं सांगून टाकलं होतं की मायले दमा लागला. आणि मंजुळाबाई नवऱ्याला हात लावू देत नसत. हाताला धरून नेलं तर तो कधी ना कधी गळ्याशी येईल, अशी भीती. म्हणून सगळी भिस्त माझ्या मशीनवर.

मी मशीन लावली. "अवो, पायरी हाय."

कडूबाजींनी मान वळवली, ऐकलं, आणि तोंड वाईट केलं.

"आवाज तिचाच हाय भाऊ. पण थंडगार हाय. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. मले याच्यावर पाय टाकवत नाई."

उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि खरंच थांबले. माणूस अंधारात जिना शोधतो तसे. मंजुळाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसत्या पाहण्यात इतकं मागणं असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"चिंता नको," मी म्हणालो. "ऊब देऊन आणतो."

४

पहिला हात दिला. कडूबाजी म्हणाले, बरं हाय. दुसरा दिला. म्हणाले, आता जरा जवळ आली. माझी एक रीत होती: पक्की स्पूल दुकानात ठेवायची आणि तिची नक्कल गिऱ्हाइकाला द्यायची. तशी दर आठवड्याला एक नक्कल घेऊन मी एसटीनं सिंदखेड राजा, तिथून गाडी बदलून बीबी, आणि पुढं पायी मळ्यात, असा जायचो. भाकरी मिळायची, वांग्याचं भरीत मिळायचं. मला काय, आनंदच होता.

तिसऱ्या हाताला मी पावसाची वाट पाहत होतो. म्हणजे खरखरीची. ती आली नाही. उलट दुसऱ्या हातापेक्षा कमी होती.

मी मशीन बदलली, तारा बदलल्या. कानात बोट घालून कान साफ केले. चौथ्या हाताला खरखर संपली. दोन वाक्यांच्या मधली जागा अशी झाली की जणू तिथं टेप नव्हतीच, एक माणूस होतं, आणि ते पुढचं बोलायच्या आधी थांबलं होतं.

मनाला समजावलं: टेपचा हा डबा चांगला निघाला.

स्पूल मशीनवरून काढली तेव्हा ती गरम होती. व्हॉल्वची मशीन तापते, त्यात नवल नाही. पण ही सकाळीही गरम होती. रात्रभर कपाटात राहून. तव्यावरून उतरवून टोपल्यात ठेवलेली भाकरी जितकी गरम असते, तितकी. आमच्या घरची मांजर उन्हाळाभर मोरीच्या ओल्या फरशीवर पडून असायची. ती येऊन त्या डब्यावर पोट टेकून झोपायला लागली.

मनाला समजावलं: कपाटाची भिंत पश्चिमेला आहे, ऊन धरते.

मळ्यात चौथी नक्कल लावली तेव्हा कडूबाजी बाजेवरून असे उठले की मी दचकलो. सरळ ओट्यावर, पायरी उतरून अंगणात, गोठ्यापर्यंत. कुठं अडखळणं नाही. "हाव," ते मधेच म्हणाले. "हाव, आलो." तोंडावर नव्या नवऱ्यासारखं हसू.

मंजुळाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मे महिना, दुपारचे बारा, पत्र्याखाली माझी बंडी अंगाला चिकटली होती, आणि त्यांनी घोंगडी पांघरली होती. मला चहाचा कप देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. हिवाळ्यात पहाटे पितळी तांब्याला हात लावल्यासारखी.

"वहिनी, ताप आहे का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"रक्त कमी झालं म्हने," कडूबाजी अंगणातून ओरडले. "आपरेशनात सांडलं. भाऊ, अजून एक हात बसते का बघा. जरासंच बाकी हाय."

कसलं जरासं, ते मी विचारलं नाही.

५

पाचवा हात दिला त्या दिवशी पंचफुला माहेरी निघाली होती आणि गाडीची वेळ झाली होती. मी स्पूल उतरवली, तिची नक्कल केली, न ऐकताच तिच्या पिशवीत टाकली. कामात मी कधी असं करत नाही. खरं सांगतो, मला ती ऐकायची नव्हती.

ती संध्याकाळी परतली, खूश. "बाबाचं काय सांगू! मायशी बोलतच नाईत आता. मशीनशीच बोलते. माय बसली आपली चुलीपुढं."

"माय कशी आहे?"

"थंडी वाजते म्हणून खुणा करते. उनाळ्याची! तुमच्या टेपानं भल्लं काम केलं बर का भोंगेवाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको पुष्पा चहा घेऊन दुकानात आली आणि कप दोन्ही हातांत धरून उभी राहिली. देईना.

"काय झालं?"

"काही नाही. हात शेकतेय."

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. मी तिच्याकडं पाहिलं, कपाटाकडं पाहिलं, आणि पाचव्या हाताची पक्की स्पूल काढून मशीनवर लावली. ती हातात घ्यायला फडकं लागलं.

"अवो, पायरी हाय." खरखर नाही, पत्रा नाही, गळ्यातली गाठसुद्धा नाही. पंचवीस वर्षांच्या बाईचा आवाज. "अवो, उजव्या अंगानं या. अवो, जेवाले बसा." त्यानंतर विहिरीचं वाक्य. मला त्या वाक्यांचा क्रम पाठ होता, दोन वाक्यांतले सेकंदसुद्धा पाठ होते.

थांबा, विहीर हाय, हे तिथं नव्हतं.

त्या जागी तेवढ्याच लांबीचं दुसरं होतं. अगदी कानाशी, सावकाश, लाडानं:

"कडूबा, ये. अजून ये."

मी टेप मागं घेऊन पुन्हा ऐकली. मग मशीन बंद केली. थापाड्याचं एक बरं असतं, दुसऱ्याची थाप त्याला लगेच कळते. ही थाप नव्हती. नवरा मेला तरी नाव घेणार नाही अशा बाईच्या तोंडून ते आलं होतं, आणि एकेरीत. त्या मळ्यात एकच माणूस होता जो तीस वर्षं त्या हाकेची वाट बघत होता, आणि हाक आली की तो जाणार होता.

सकाळची सिंदखेड राजाची गाडी गेली होती. पुढची साडेअकराला.

६

बीबीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. रस्त्याला कुत्रं नव्हतं. मी पोट धरून धावत मळ्यात पोचलो.

ओट्यावर मशीन चालू होती. टेप संपून गेली होती. भरलेलं चाक फिरत होतं आणि टेपचं सुटं टोक मशीनवर आपटत होतं, फट, फट, फट. म्हणजे कुणी बोलत नव्हतं. चुलीपुढं घोंगडीचा ढीग होता, त्यात मंजुळाबाई, डोळे मिटलेले. बाज रिकामी.

मी वाफ्यांकडं वळलो. कडूबाजी वांग्यांमधल्या पायवाटेनं विहिरीकडं चालले होते. काठी नाही, चाचपणं नाही. चाल एखाद्या डोळस माणसाची. पायवाट अरुंद, एकटा माणूस मधून चालतो. ते मधून चालत नव्हते. उजवीकडून चालत होते, वांग्याच्या काट्यांना धोतर अडकवत, डावीकडं कुणाला जागा करून दिल्यासारखे. आणि डावा हात जरा पुढं, बोटं वळलेली.

वारा मुळीच नव्हता. डावीकडच्या वांग्यांची पानं एकेक करून दबत होती आणि सुटत होती.

अजून एक दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं. तापल्या तव्यावर हवा हलते ना, तशी हवा त्यांच्या पुढं हलत होती. डोक्याएवढ्या उंचीवर गोल, खाली रुंद. पदर घेतल्यासारखी. इतकंच. उन्हातून धावत आलेल्या माणसाला काहीही दिसतं.

"कडूबाजी!" मी ओरडलो. माझा आवाज भोंग्याशिवाय देऊळगावच्या बाजारभर जातो. "थांबा! विहीर आहे!"

त्यांनी फेरीवाल्याला घालवतात तसा उजवा हात झटकला. "हाव," ते म्हणाले, मला नाही. "येऊन राह्यलो. अजून एकडाव घे नं माझं नाव."

मी वाफ्यात पाय टाकला. शेजारून कुणीतरी गेलं. मंजुळाबाई. अनवाणी, घोंगडी मागं पडलेली, गळ्याची शीळ सुटलेली. मोडक्या माणसानं असं धावू नये. त्यांनी विहिरीच्या काठावर नवऱ्याचा उजवा हात पकडला.

कडूबाजी शहारले.

"कोन हाय बे? सोड!" ते हिसडे द्यायला लागले. "सोड मले! मढ्यासारखा हात हाय... मले तिच्याकडं जायचंय!"

त्यांच्या डाव्या पायाखालची माती सुटली. चप्पल गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

मंजुळाबाईंना बोलता येत नव्हतं. ओरडता येत नव्हतं. एक हात त्यांनी सोडला, गळ्यावरचं फडकं ओढून काढलं आणि नवऱ्याचा तळवा आपल्या गळ्यावर दाबला. त्या भोकावर.

कडूबाजी थांबले.

मी तोवर जवळ पोचलो होतो. मंजुळाबाईंचं सगळं अंग गारठून निळसर पडलं होतं, पण त्या भोकातून येणारा श्वास गरम होता. मला कसं कळलं? कडूबाजींच्या तोंडावर कळलं. त्यांची बोटं त्या भोकाच्या कडेनं फिरली, एकदा, दोनदा, जखम मोजल्यासारखी. शीळ वाजत होती.

"मंजुळे," ते म्हणाले. "हे कधी झालं?"

त्यांची पाठ विहिरीकडं झाली. माझ्या तोंडावरून एक झळ गेली, भट्टीचं दार उघडल्यासारखी, आणि विहिरीवर पोचून संपली.

७

ओट्यावर बसून मी दोघांना सांगितलं की ही टेप पुसावी लागेल. का, ते सांगितलं नाही. सांगता आलं असतं असं वाटत नाही. एवढंच म्हणालो की वहिनींचा आवाज यानंतर कुठं राहणार नाही. मधल्या हातांचं सगळं मी नवा हात दिला की पुसत आलो होतो, आणि पहिली, थंड स्पूल तर दुसऱ्या हातानंतरच मोडीत काढली होती. तिची काय गरज, असं वाटलं होतं.

मी मशीनकडं हात नेला. मंजुळाबाईंनी माझा हात बाजूला सारला आणि विचारलं, खुणेनं, कोणतं बटण? मी लाल दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं.

पुसायची रीत साधी: माइकचा कान, म्हणजे त्याची आवाजाची कळ, बंद ठेवून अर्धा तास कोरं भरायचं. जुना आवाज जातो, शांतता भरली जाते. तो अर्धा तास आम्ही तिघं ओट्यावरच बसलो. पंधराव्या मिनिटाला मंजुळाबाईंनी घोंगडी खांद्यावरून ढकलली. विसाव्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तो बोटानं पुसला आणि बोटाकडं बघत राहिल्या.

टेप संपली. तपासायला म्हणून लावली, तर कोरी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माइकचा कान बंद करायला विसरलो होतो. शांततेऐवजी तो अर्धा तास भरला गेला होता: बांगड्या, गोठ्यात गायीचं फुसफुसणं, आणि सगळ्या वेळ ती बारीक शीळ, आत, बाहेर, आत, बाहेर. मधे एकदा कडूबाजी हळूच म्हणत होते, "हात जरा गरम होऊन राह्यला तुझा."

मी लाल बटणाकडं हात नेला. कडूबाजी म्हणाले, "राहू द्या भाऊ. हे तीच हाय."

"खरखर फार आहे," मी म्हणालो, आणि सवयीनं जीभ पुढं गेली, "ऊब देऊ का?"

"नको," ते म्हणाले. "थंडच राहू द्या."

त्यानंतर कडूबाजी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. लपवायचं काही उरलं नव्हतं. विहिरीला पंचफुलेच्या नवऱ्यानं कठडा बांधून दिला. मशीन दिवाळीपर्यंत तिथंच राहिली, मग परत आली. स्पूल त्यांनी ठेवून घेतली.

८

इथं थांबलो तर गोष्ट छान होते. पण पक्की स्पूल दुकानात होती.

त्याच संध्याकाळी शेवटच्या गाडीनं मी देऊळगावला उतरलो. पुष्पा दुकानाच्या पायरीवर बसली होती. दिवसभर तापलेला दगड, त्यावर ती, आणि अंगावर माझी लोकरीची शाल.

"आत का बसली नाहीस?"

"आत गार वाटतं," ती म्हणाली. "मधे तुम्ही आला होतात का? कोणीतरी बोलत होतं."

मी दार लावून घेतलं. माइकचा कान बंद आहे ना, ते तीनदा बघितलं. लाल बटणावर बोट ठेवलं. आणि मग जे करू नये ते केलं. माणूस आहे, शेवटचं एकदा ऐकावंसं वाटलं. टेप विहिरीच्या वाक्याच्या जागेवर आणून सोडली.

आवाज मंजुळाबाईंचा नव्हता. पुष्पाचा होता, आमचं लग्न झालं तेव्हाचा. आणि नाव कडूबाजींचं नव्हतं.

घरी मला ज्या नावानं हाक मारायचे ते नाव. आई होती तोवर आई म्हणायची, त्यानंतर कुणी नाही. गावात सगळे भोंगेवालेच म्हणतात. पुष्पाला ते माहीत आहे, पण तिनं ते कधी घेतलेलं नाही. या गोष्टीतही मी ते कुठं लिहिलेलं नाही. पाहिजे तर पहिल्यापासून शोधून बघा. लिहिणारही नाही.

स्पूल तीनदा पुसली. नंतर उबेचा हात कुणालाच दिला नाही. भजनी मंडळ रुसलं ते रुसलंच.

याला आता बरीच वर्षं झाली. दुकानात बसलेलो असतो, आतून आवाज येतो, "अहो, चहा झाला." नुसतं अहो. तेवढ्यानं बरं वाटतं. तरी मी उठून आत जातो, आधी तिचा हात हातात घेतो, गरम आहे ना बघतो, आणि मगच चहा. ती म्हणते, या वयात काय हे, लोक बघतात.

लोकांना मी सांगतो, प्रेम आहे. ती थाप समजून लोक हसतात.